सासुरवाडीच्या दारात झोळी

चालत देवाला जाणाऱ्या माणसांइतकी खोटी माणसं मी जनावरांच्या बाजारातसुद्धा बघितली नाहीत. बाजारात बैल विकणारा खोटं बोलतो, पण त्याच्या हातातल्या कासऱ्याला बैल तरी खरा असतो. इथं कासराच नसतो. तोंडानं नाव, हातात फोन, आणि ऊन वाढलं की डोळा मागच्या टेम्पोवर.

दत्त जयंतीच्या आधी आमच्या भालकीकडून गाणगापूरला पायी जाणारी एक टोळी निघते. यंदा मी तिच्यात होतो. सगळ्या दिवसांचं लिहीत नाही. पायाला फोड आले आणि फुटले, एवढंच त्यात आहे. तिसऱ्या दिवसाचं तेवढं लिहितो.

मी देवभोळा नाही. बायको होती. तीन वर्षांमागं माझ्या छातीत कळ आली आणि मला कलबुर्गीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आत मला नळ्या लावल्या होत्या, आणि बाहेर व्हरांड्यात बसून तिनं दत्ताला शब्द दिला. मालक पायानं चालत घरी आले तर मी पायानं चालत गाणगापूरला येईन, आणि वाटेत रोज दुपारी पाच घरची भिक्षा मागून तेवढंच खाईन. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की डॉक्टर आहे, औषध आहे, यात तिसऱ्याला कशाला घालतेस. मी चालत घरी आलो. तिचं मात्र जायचं राहून गेलं. एका साली तुरीची रास आडवी आली, एका साली लेकीचं बाळंतपण. मग गेल्या उन्हाळ्यात तापीचं निमित्त झालं आणि ती गेली. नवस तसाच घरात राहिला.

लेक म्हणाली, "अप्पा, आपन गाडी करून जाऊ. अभिषेक करू. मी भटजीला इचारलंय, तसं चालतंय म्हनले."

"त्याला चालतंय," मी म्हणालो. "ती बोलली तवा भटजी व्हता का तिथं?"

लेक रडली. तिचा नवरा फोनमध्ये बघत बसला. दोघं शिकलेली आहेत. शिकलेल्या माणसाला दिलेला शब्द म्हणजे मोडायची सोय आधी शोधून ठेवलेली वस्तू वाटते. मला देव आहे का नाही ते ठाऊक नाही. ती बोलली होती एवढं ठाऊक आहे. म्हणून मी गेलो.

त्या दिवशी पहाटे आम्ही हुमनाबादच्या पुढं एका मंगल कार्यालयातून निघालो. थंडी होती. टोळीत साठेक माणसं, सगळ्यांच्या अंगात एकसारखे भगवे बनियन, पाठीवर ते ज्यानं फुकट दिले त्या पुढाऱ्याचा फोटो. म्हणजे तुम्ही रांगेत चालताना समोर देव नसतो, पुढच्याच्या पाठीवरचा तो पुढारी हात जोडून तुमच्याकडं बघत असतो. मी बनियन घेतलं नाही. झोळी मात्र घ्यावी लागली, कारण भिक्षेला झोळी लागते आणि तीपण त्याच्याच फोटोची होती. मी ती उलटी करून खांद्याला अडकवली. फोटो आत गेला. दोन दिवस लोकांनी घातलेली भाकरी त्याच्या तोंडावर पडत होती. ह्या एकाच गोष्टीनं मला जरा बरं वाटायचं.

टोळीचा म्होरक्या आमच्या बाजारातला खताचा दुकानदार. तो चालत नाही. जीपमधून पुढं जातो, सावलीला बसतो आणि आम्ही घामानं भिजून पोचलो की, "चला, नाम घ्या, नाम घ्या, पाय आपसूक उचलतेत," असं आम्हाला सांगतो. त्याचे पाय आपसूकच आहेत, जीपला चाकं आहेत.

माझ्या बरोबरीनं एक सरकारी खात्यातून रिटायर झालेला कारकून चालायचा. का कुणास ठाऊक, पहिल्या दिवसापासून तो मला चिकटला होता. पायात पांढरे बूट, डोक्याला टोपी, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. थोड्या थोड्या वेळानं ते बघायचा आणि खूश व्हायचा.

"काका, आज कालच्यापेक्षा जास्त होणार बघा."

"काय?"

"पावलं."

"बैल तुमच्याहून जास्त चालतोय. त्याला कोन इचारतंय?"

तो हसला. त्याला राग येत नाही. पेन्शन मिळणाऱ्याला राग येत नाही हे मी बघून ठेवलंय. "तसं नाही हो काका," तो म्हणाला, "चालल्यानं मन हलकं होतं."

"त्याला आधी मनात वजन पायजे."

तेवढ्यानं तो पुढच्याला घड्याळ दाखवायला गेला. मला तेच पाहिजे होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ज्वारी कमरेला आली होती. हरभऱ्यावर आंब पडली होती, कडेनं चालताना धोतर तिला लागलं की ओलं व्हायचं. तूर वाळून खडखडत होती. कुणाची काढून झाली, कुणाची रानातच उभी, आणि त्या उभ्या तुरीचा मालक बहुतेक आमच्यासारखाच कुठं तरी देवाला चाललेला. उसाच्या ट्रॅक्टरी गाणी लावून अंगावरून जायच्या. टोळीतली पोरं पळत जाऊन मागच्या ट्रॉलीतला ऊस उपसायची. देवाच्या वाटेवर चोरलेला ऊस गोड लागतो म्हणत होती.

चालताना मला एकाच गोष्टीचा त्रास व्हायचा. आम्ही दोघं कुठंही निघालो की मी पुढं आणि ती मागं. चाळीस वर्षं मागून तिच्या चपलीचा आवाज यायचा, टाचेला फटक् फटक् असा. आता मागून साठ माणसं येत होती आणि आवाज कसलाच नव्हता. या रबराच्या बुटांना आवाजच नसतो. भुतांची टोळी चालल्यासारखं वाटायचं.

भिक्षेचंही सांगतो. साठ माणसांत मागून खाणारे आम्ही तिघंच. बाकीचे टेम्पोतलं उप्पीट खायचे. म्होरक्यानं पहिल्याच दिवशी मला समजावलं, "काका, आता कोन मागून खातंय? नावाला एका घरी जायचं, घासभर आणायचं, मग आपल्यात बसायचं." मी म्हणालो, "नवस नावाला केला नव्हता." पहिल्या दिवशी एका दारात एका बाईनं मला बिस्किटाचा पुडा दिला. दुसऱ्या दारात एका माणसानं आधार कार्ड आहे का विचारलं. मी स्वतःच्या रानात सालगडी ठेवलेला माणूस. कुणापुढं हात पसरायची सवय नाही. दारात उभं राहून "भिक्षा वाढा माय" म्हणताना जीभ टाळूला चिकटते. पण दोन दिवस मी पाच पाच घरं मागितली आणि तेवढंच खाल्लं. चवीचं विचारू नका.

सकाळच्या चहाला थांबलो तिथं म्होरक्या जीपमधून उतरला आणि सगळ्यांना म्हणाला, "आजचा दुपारचा इसावा दरवर्षीच्या मठात न्हाई. आत एक गाव हाय, तिथल्या एका दात्यानं पुरणाचं जेवन ठेवलंय. तिकडं वळायचंय." आणि त्यानं गावाचं नाव घेतलं.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. ते तिचं माहेर होतं.

तिथं तिचा धाकटा भाऊ राहतो. माझा मेव्हणा. ती गेल्यापासून आमचं बोलणं नाही. आमच्याकडं सवाष्ण बाई गेली तर तिला माहेरची साडी नेसवून उचलतात. भाऊ साडी घेऊन येतो, मग तिरडी हलते. मी त्याला सकाळी फोन केला. निघालोच म्हणाला. निघाला तो कलबुर्गीला गेला, कारण गावच्या दुकानातली साडी त्याला बहिणीला शोभेल अशी वाटली नाही. आम्ही वाट बघत बसलो. उन्हाळ्याचे दिवस, घरात मयत. दिवस बुडायला आला. दिवस बुडाल्यावर आमच्यात अग्नी देत नाहीत, म्हणजे तिला रात्रभर तशीच ठेवावी लागली असती. मी म्हणालो, उचला. बाया कुजबुजल्या, माहेरच्या साडीवाचून कशी न्यायची. मी म्हणालो, तिच्या अंगावर साडी आहे, उचला. आणि चिता पेटल्यावर हा आला, हातात कॅरीबॅग. त्यानं ती माझ्या पायाशी टाकली आणि आल्या पावली परत गेला. मी कॅरीबॅगमधली साडी काढून आगीत टाकली. जिची होती तिला पोचली. त्या दिवशी मी जे केलं ते बरोबर केलं, आणि उद्या पुन्हा तसंच झालं तर पुन्हा तेच करीन. दुकानात पोत बघत बसणाऱ्यानं मला शिकवू नये.

तेव्हा त्या गावात मागायचं म्हणजे मेव्हण्याची गल्ली सोडून मागायचं, असं मी मनात ठरवलं. गाव मोठं आहे. पाच दारं कुठंही मिळतील. न मागून चालणार नव्हतं. एक दिवस मोडला की नवस मोडला, आणि तिचा नवस माझ्या हातून मोडायला मी एवढ्या लांब पाय फोडून घेतले नव्हते.

आम्ही गावात शिरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दात्यानं शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता, भोंग्यावर भजन लावलं होतं. साठ माणसं पुरणाच्या वासानं अशी पळाली की एवढं मी त्यांना रस्त्यात पळताना बघितलं नव्हतं. पायाच्या दुखण्याचं नाव नाही. माझ्याबरोबर मागणारे दुसरे दोघं होते, त्यांनी पण मांडवाकडं बघितलं, एकमेकांकडं बघितलं आणि पंगतीत बसले. एक म्हणाला, "दाता म्हंजी देवच की ओ. पाच घरचं एकाच घरी आलं." असं गणित मला येत नाही. मी चौथीतून शाळा सोडली.

मी वरच्या आळीला गेलो. पहिल्याच दारात एक म्हातारी निवडत बसली होती. तिचं मला नातं आठवत नव्हतं, पण गावात सगळ्याच म्हाताऱ्या बायकोच्या मावश्या नाही तर आत्या. मी झोळी पुढं केली. "भिक्षा वाढा माय."

तिनं कपाळावर हात धरून बघितलं. मग सूप बाजूला ठेवलं. "कोन? आमच्या पोरीचा मालक न्हवं का तू? अगं ये, अळिया आलेत बग, घोंगडं टाक." आमच्या सीमेवर जावयाला कानडीत अळिया म्हणतात, मराठी बोलणारे पण.

"घोंगडं नगं मावशी. नवस हाय. उभ्यानं घेतो, झोळीत घाला."

"काय घालू?"

"भाकरी. भिक्षा."

म्हातारीनं हात मागं घेतले. "गावच्या जावयाला भीक घालू? माझ्या तोंडात किडे पडतेल की बापा. आत ये, बस, ताटात वाढते. दूध हाय, गूळ हाय. झोळीत न्हाई घालायची."

"बसून खाल्लं तर भिक्षा व्हत न्हाई."

"मग नगं व्हायला."

मी पुढच्या दारात गेलो. तिथं पण तेच. सून पदर सावरत तांब्यात पाय धुवायला पाणी घेऊन आली. सासरा म्हणाला, "तुमी नारळ देऊन नेलेली पोर या गावची हाय. तुमाला दारात उभं करून भाकर टाकली तर उद्या आमच्या पोरी कोन करंल?" तिसऱ्या दारात एक मुसलमानाची म्हातारी. मला वाटलं ही तरी घालेल. ती माझी झोळी बघून रडायला लागली. "हमारे गाँव के दामाद कू भीक डालूँ मैं? मेरेकू गुना लगता बेटा. अंदर आके बैठ, मैं चाय रखती." तिनं माझा हातच धरला. मी सोडवून घेतला.

असा मान माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. सगळं गाव मला जेवायला बोलावत होतं आणि कुणी कोरभर भाकरी द्यायला तयार नव्हतं. मान देणाऱ्या माणसांचा मला इतका राग कधी आला नव्हता. मागं पोरं लागली होती. पारावर बसलेले रिकामटेकडे आपसात बोलत होते, "अळियांदीर झोळी घेऊन कामून फिरायलेत?" "शेत विकलं का काय?" कारकून कुठून तरी येऊन पोचला, ओठाला पुरण लागलेलं. "काका, एवढं काय त्यात? आज एक दिवस पंगतीत बसा. बाईंनासुद्धा वाटणार नाही तुम्ही उपाशी राहावं."

"तुमी वळकत हुता का तिला?"

"नाही, पण..."

"मग तिला काय वाटंल ते तुमी सांगू नका."

ऊन कलायच्या आत भिक्षा घ्यायची असते. नंतर मागितलं तर ती भिक्षा नाही, पोटाची सोय. पुढचं गाव दोन-तीन कोसांवर. तिथं पोचेपर्यंत सावल्या लांब झाल्या असत्या. मी चौकात उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की उरलंय ते एकच दार.

मेव्हणा ओट्यावर बसून तुराट्यांचा खराटा बांधत होता. मी समोर उभा राहिलो. त्यानं मान वर केली, मला नीट बघितलं आणि बघून विचारलं, "कोन हाय?"

"भिक्षा मागायला आलोय."

"कुनाच्या नावानं?"

"तुझ्या बहिनीच्या. तिचा नवस हाय. वाटंत रोज पाच घरचं मागून खायचं हुतं. ती ऱ्हायली, मी आलो."

त्याची बायको दारात आली. मला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि "अगं बाई, दाजी" म्हणत पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर निघाली. त्यानं तिच्याकडं न बघता सांगितलं, "पानी आत ने."

ती तिथंच थांबली.

"गावात कुनी घातली न्हाई म्हनं," तो म्हणाला.

"जावयाला घालत न्हाईत म्हनायलेत."

"बराबर हाय. जावयाला भीक घालू न्हाई." त्यानं सुतळी दातात धरून गाठ आवळली. "पर तू ह्या घरचा जावई कुटं हायस?"

"ओ, काय बोलायलाव," त्याची बायको म्हणाली.

"तू गप. मी येईस्तोवर थांबला न्हाई ह्यो. बहीन माझी, साडी माझ्या घरची. मला राख दावली. त्या दिशी चितेत नातं बी जळालं. आता ह्या दारात धा भिकारी येतेत, तसा ह्यो अकरावा. भिकाऱ्याला आमच्या घरातनं मोकळ्या हातानं लावत न्हाईत." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "माझ्या दारात तुला घालता येती. म्या घालतो. पर घेतलास तर इचार करून घे. घेतलास म्हंजी तू कबूल केलास. पुन्ना ह्या घरात दाजी म्हनून यायचं न्हाई. न्हाई तर आत जा, ती ताट वाढंल, जेव आन् जा. मग नवस तुझा तू बघ."

त्याच्या डोक्यात तोच खराटा घालावा असं मला वाटलं. हा माणूस लहानपणी बहिणीच्या कडेवर बसून माझ्या लग्नात आला होता आणि माझं बाशिंग ओढत होता. आणि आज ओट्यावर बसून माझ्याशी सौदा करत होता. मी त्याच्या मागं घरात बघितलं. माजघराच्या भिंतीला जिथं बसून ती केस विंचरायची तिथं आता टीव्ही लावलाय. उतरंड नाही. तिच्या आईचं जातं बाहेर मोरीपाशी पालथं टाकलंय. तरी ते घर तिचं होतं. ती कुठं वाढली, कुठं पडून गुडघा फुटला, कुठल्या कोनाड्यात बापाची तंबाखू लपवायची, ते तिनं मला त्याच घरात बोटानं दाखवलं होतं. ती असताना मला तिकडं जायचा कंटाळा यायचा. सासुरवाडीला गेलं की दोन दिवस नुसतं बसून खायचं आणि माणसांच्या रिकाम्या गप्पा ऐकायच्या. आता ती नाही, तर तिची माहिती असलेलं माझ्याशिवाय तेवढं एक घर उरलं होतं.

ताट घेतलं तर घर राहत होतं आणि नवस जात होता. झोळी धरली तर नवस राहत होता.

तिनं घराला शब्द दिला नव्हता. मी झोळीचं तोंड उघडलं आणि म्हणालो, "वाढ."

भिक्षा बाईनं वाढायची असते. पण त्याच्या बायकोनं तांब्या खाली ठेवला आणि आत जाऊन चुलीपाशी तोंडाला पदर लावून बसली. तिला हाक मारली नाही त्यानं. स्वतः उठला, आत गेला, भांड्यांचा आवाज झाला. दुरडीतली भाकरी घेऊन आला, वर अंबाडीची भाजी. उंबऱ्याच्या आत उभा राहून हात लांब करून त्यानं ते झोळीत टाकलं. माझ्या हाताला त्याचा हात लागणार नाही असं टाकलं.

"घे बाबा," तो म्हणाला.

चाळीस वर्षं मला दाजी म्हणत आला होता. भिकाऱ्याला म्हणतात तसं बाबा म्हणाला आणि परत खराट्यापाशी जाऊन बसला. त्याची पुढची गाठ बसली का सुटली ते मी बघितलं नाही. मला काय करायचंय.

पुढची चार दारं सोपी गेली. बातमी माझ्याआधी पळत होती. सख्ख्या भावानं घातली म्हटल्यावर गाव मोकळं झालं. पहिल्या दारातल्या म्हातारीनं मला आणि मेव्हण्याला दोघांनाही शिव्या देत देत भाकरी घातली. "दोगं बी गाढवं हाव. तिच्या जिवाला शांती न्हाई तुमच्यापायी." दुसऱ्या घरातल्या सुनेनं खाली मान घालून भात घातला, या वेळी पायाला पाणी आणलं नाही. आणखी दोन घरांतून ठेचा आणि भाकरी आली. मुसलमानाच्या म्हातारीच्या दारात मी पुन्हा गेलोच नव्हतो, तीच मला गल्लीत आडवी आली. तिनं रिकामे हात दाखवले. "मैं नै देती," ती म्हणाली. "उनों तोड़े होंगे, मैं नै तोड़ी. तू जब आया तब मेरे घर चाय पीना." मी बाजूनं निघून गेलो. बोललो असतो तर रस्त्यात तमाशा झाला असता.

गावाबाहेर विहिरीपाशी बसून मी खाल्लं. ऊन अजून कललं नव्हतं. अंबाडी आंबट होती, भाकरी पातळ आणि खरपूस. त्या घरच्या बायका भाकरी चांगली करतात, बाकी त्या घराबद्दल बोलण्यासारखं काही नाही. सगळं खाल्लं, झोळीत कण ठेवला नाही. कारकून आला आणि शेजारी टेकला. त्याला कुणी तरी सगळं सांगितलं होतं.

"काका, तो क्षण फार मोठा होता हो," तो म्हणाला. "फोटो काढायला पाहिजे होता."

"तुमच्या पोराचं लग्न झालंय का?"

"झालंय. का हो?"

"त्याच्या मेव्हन्यानं त्याला भीक घातली की काढा फोटो."

त्याचं तोंड एवढंसं झालं. मला जरा वाईट वाटलं, पण फार नाही.

म्होरक्यानं जीपचा हॉर्न वाजवला. टोळी पोटं धरून उठली. पुरणानं जड झालेले लोक चालताना ढेकर देत होते आणि त्या ढेकरांमध्ये दत्ताचं नाव घेत होते. आठजण टेम्पोत चढून बसले. मी मागं राहिलो होतो, मागूनच चाललो.

गावाच्या वेशीपाशी एक लिंब आहे. तिथं आल्यावर माझे पाय थांबले. दरवेळी तिला घेऊन निघालो की मेव्हणा तिथपर्यंत सोडायला यायचा, हातात तिची पिशवी, पिशवीत आईनं दिलेलं काहीबाही. एस्टी येईस्तोवर आम्ही दोघं उभे राहायचो, एकमेकांशी बोलायला काही नसायचं. एस्टी आली की तो विचारायचा, दाजी, परत कवा येताव? मी म्हणायचो, बघू. आपण बोलतो तसं. त्यात काही असतं असं मला कधी वाटलं नाही.

मी वळून बघितलं. गल्लीत एक कुत्रं झोपलं होतं. शाळेपाशी मांडववाले बांबू उपसत होते. त्याचं घर तिथून दिसत नाही.

कारकून पुढं जाऊन परत आला. "कुणाची वाट बघताय काका?"

"कुनाची न्हाई," मी म्हणालो. "भिकाऱ्याला वेशीपर्यंत सोडायला कोन येतंय?"

तो माझ्या बाजूनं हळू चालायला लागला. घड्याळ बघितलं नाही त्यानं. कमलापूर अजून लांब होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच दारं मागायची होती.